ढमालेमामांचं निरांजन

"ताई, आज खंडेनवमी. यंदा तरी होऊ द्या की."

ढमालेमामा लॅबच्या दारात उभे होते. पायांत नियमाप्रमाणे निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, डोक्याला जाळीची टोपी आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्या गुंडाळीतून झेंडूचा वास येत होता. मी कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हटलं, "मामा, नाही म्हणजे नाही. सर दिल्लीत असले तरी लॅब सरांचीच आहे."

"सर दिल्लीत हायेत म्हणूनच इचारलं," मामा म्हणाले.

ढमालेमामा आमच्या लॅबचे अटेंडंट, मुळशीकडचे. लॅब नव्हती, नुसती रिकामी खोली होती, तेव्हा तिथं पहिला झाडू त्यांनी मारला, आणि पुढं नऊ वर्षं इथल्या प्रत्येक स्क्रूचं खोकं त्यांच्याच हातून आत आलं. दर खंडेनवमीला त्यांचं सरांकडे एकच मागणं असायचं. आज सगळी दुनिया आपापल्या हत्याराची पूजा करते, सुतार करवतीची करतो, रिक्षावाला रिक्षाची करतो, मग आपल्या लेझरनं काय घोडं मारलंय? आणि दर वर्षी सरांचं एकच उत्तर असायचं. "हळद म्हणजे धूळ. धूळ म्हणजे आरसा गेला. चला, कामाला लागा."

सर म्हणजे डॉ. गजानन बोडस. नाव गणपतीचं, पण देवाचा विषय काढला की माणूस चवताळायचा. पुण्यात राहून गणपतीचे दहा दिवस खिडक्या लावून बसायचे. स्वभावानं वाईट नव्हते, फक्त आपलं म्हणणं बरोबर असतं अशी त्यांची खात्री होती, आणि दुर्दैवानं ते बहुतेक वेळा असायचंही.

मी त्यांची विद्यार्थिनी, सुवर्णा हिंगमिरे, सोलापूरची. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा माझं पीएचडीचं सहावं वर्ष चालू होतं आणि माझं डोकं कायम तापलेलं असायचं. वर्गातल्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागली होती आणि माझ्या हातात अजून एक आलेख नव्हता.

काम काय होतं ते एकदाच सांगून टाकते. एका सेकंदाचे अब्ज तुकडे करा. त्यातला एक उचला आणि त्याचे पुन्हा अब्ज तुकडे करा. आता हातात जे उरलं त्याला अ‍ॅटोसेकंद म्हणतात. अणूच्या आत इलेक्ट्रॉन सरकतो तो असल्या शे-पन्नास तुकड्यांत. त्याचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याची उघडझापही तितकीच चपळ हवी, आणि तेवढी चपळाई फक्त प्रकाशाला जमते. आम्ही लेझरचा एक झोत फोडून दोन वाटांनी पाठवायचो. एक झोत निऑन वायूतून जाताना ती चिमुकली उघडझाप तयार करायचा, दुसरा नुसताच वळसा घालून यायचा, आणि पुढं दोघं भेटायचे. भेटीची वेळ जरा जरा मागंपुढं करत गेलं, की पडद्यावर इलेक्ट्रॉनच्या हालचालीच्या लाटा उमटायला हव्यात. अट एकच. दोन वाटांच्या लांबीत केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकाही थरथराट चालत नाही.

आणि आमच्याकडं थरथराट होता. पडद्यावर लाटांऐवजी दोन वर्षं नुसता चिखल दिसत होता. कारण शोधता शोधता आमच्या नाकी नऊ आले. आधी संशय आला कॅन्टीनच्या मिक्सरचा. सरांनी कॅन्टीनवाल्या शेट्टींना गळ घालून चटणी सकाळी आठच्या आत वाटायला लावली. मग रस्त्यावरच्या बसवर संशय, मग शेजारच्या इमारतीच्या लिफ्टवर. लिफ्टमध्ये सर स्वतः स्टॉपवॉच घेऊन दोन दिवस वरखाली करत होते. शेवटी पाळी आली ढमालेमामांच्या चालण्यावर. प्रयोग चालू असला की मामा बिचारे अनवाणी, टाचा उचलून चालायचे. चिखल जिथल्या तिथं होता.

बरं, आता वेळही उरला नव्हता. परवा, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिल्लीहून तपासणी समिती येणार होती. लाटा दाखवल्या नाहीत तर ही खोली दुसऱ्या विभागाला द्यायची, हे जवळजवळ ठरलं होतं. माझी मुदतवाढही त्याच महिन्यात संपत होती. लाटा दिसल्या तर पीएचडी, नाही दिसल्या तर सहा वर्षं पाण्यात. माझे बाबा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मास्तर होते. आपली मुलगी इलेक्ट्रॉनचा फोटो काढते असं त्यांनी अख्ख्या पेठेला सांगून ठेवलं होतं. दर रविवारी फोनवर विचारायचे, "आला का गं फोटो?" त्या प्रश्नाला मी इतकी भ्यायचे की रविवारी फोन मुद्दाम उशिरा उचलायचे.

तर अशी मी, आणि दारात झेंडू घेऊन ढमालेमामा.

"ताई, समजा उद्या ही खोली गेली," मामा शांतपणे म्हणाले, "तर पूजा ऱ्हाऊनच गेली म्हणायची की."

ते मला लागलं. मी खुर्ची वळवली. "हळद-कुंकू नाही."

"न्हाई."

"अगरबत्ती नाही, कापूर नाही. त्या धुरानं गेल्या वर्षी लायब्ररीतला अलार्म वाजला होता."

"न्हाई लावत."

"झेंडूच्या पाकळ्या टेबलावर पडता कामा नयेत. फुलं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची, पिशवीचं तोंड बांधून. नारळ इथं फोडायचा नाही. आरती म्हटली तर हळू. टाळ्या वाजवल्या तर त्याहून हळू."

मामांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "ताई, मग ऱ्हातंय काय पूजेत?"

"निरांजन लावा. साजूक तुपाचं, एक वात, पाच मिनिटं. आणि ते टेबलापासून लांब, त्या स्टुलावर."

मामांनी खिशातून निरांजन काढलं. वात आधीच भिजवलेली होती. म्हणजे माणूस कुठपर्यंत माघार घ्यायची ते घरूनच ठरवून आला होता.

स्टूल ठेवलं, त्यावर निरांजन, बाजूला नारळ, पलीकडं पिशवीबंद झेंडू. मामांच्या डोळ्यांवर लेझरचा हिरवा चष्मा, कारण सवयीनं मी प्रयोग चालू ठेवला होता. आशा म्हणून नाही, घरात कुणी बघत नसलं तरी टीव्ही चालू असतो तसा. मामांनी काडी ओढली, वात पेटली, हात जोडले, आणि दिवा फुस्सकन विझला. दुसऱ्या काडीलाही तेच, तिसऱ्यालाही तेच.

"वरून वारा येतोय," मामा म्हणाले. "एसी बंद करा जरा."

आता हे म्हणजे डोक्यावरून पाणी गेलं. आमच्या लॅबमध्ये एसी बंद करणं हा गुन्हा होता. आरसे तापले की फुगतात, म्हणून खोली चोवीस तास एकवीस अंशांवर. एसीच्या बटणावर सरांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता, 'एसी बंद करणाऱ्याने आधी राजीनामा लिहून ठेवावा.' थंडगार हवा थेट आरशांच्या डोक्यावर पडावी म्हणून सरांनी इस्टेट विभागाशी भांडून एसीच्या हवेचं तोंड बरोबर टेबलाच्या वर बसवून घेतलं होतं. ते त्यांना इतकं प्रिय होतं की पाहुण्यांना लेझरच्या आधी ते दाखवायचे.

"मामा, ते सोडून काहीही सांगा."

"पूजेत दिवा इझणं बरं न्हाई, ताई. त्यापरीस पूजाच नको."

आणि मामा चक्क नारळ उचलायला लागले. मला काय झालं कोण जाणे. तशीही परवा ही खोली जाणारच होती. मी उठले आणि ते बटण दाबलं. डोक्यावरचा घूं आवाज बंद पडला. निरांजनाची ज्योत सरळ उभी राहिली. मामांनी तोंडातल्या तोंडात आरती म्हटली, दोन बोटांनी टाळ्या वाजवल्या, मग आम्ही दिवा शांत केला आणि पेढे खायला बाहेर गेलो, कारण आत खायचं नाही हा आणखी एक नियम.

एसी चालू करायचा राहिला हे मला दुसऱ्या पेढ्याला आठवलं. धावत आत आले. तापमान तेवीसवर गेलं होतं. बटणावर हात ठेवला आणि सहज पडद्याकडं नजर गेली.

लाटा होत्या.

एकामागं एक, स्वच्छ, डावीकडून उजवीकडं झुलत गेलेल्या. मी खाली बसले, खुर्ची आहे की नाही हे न बघता. खुर्ची नव्हती. मामा मागून आले, माझ्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं.

"काय झालं, ताई?"

"मामा, इलेक्ट्रॉन."

"आरं वा," मामा म्हणाले आणि त्यांनी पडद्यालाच नमस्कार केला.

मी फाईल चार ठिकाणी उतरवून घेतली. मग आधी एसी चालू केला, आणि खोली थंड झाल्यावर पुन्हा प्रयोग लावला. चिखल. परत लावला, तरी चिखलच. मी नोंदवही उघडली आणि लिहिलं, 'एसी बंद असूनही लाटा दिसल्या. कारण अज्ञात.'

मामा माझ्या खांद्यावरून वाचत होते. "अज्ञात कसं, ताई? पूजा केली की."

हसू नका. मी भौतिकशास्त्राची बाई, पण तेव्हा माझ्याकडं दुसरं कारण नव्हतं. दोन वर्षं पूजा नव्हती, लाटा नव्हत्या. पूजा झाली, लाटा आल्या. एसी बंद होणं हे माझ्या लेखी संकट होतं, त्या संकटातूनसुद्धा लाटा तरल्या असंच मी धरून चालले. सरांनीच शिकवलं होतं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. ठीक आहे, म्हटलं, तसंच करू.

दुसऱ्या दिवशी दसरा. संस्था बंद. मामा सुट्टी सोडून आले, डब्यात मामींनी दिलेली श्रीखंड-पुरी घेऊन. आणि आम्ही पूजेची चाचणी सुरू केली. दर प्रयोगाआधी एसी लावून खोली एकवीसवर आणायची, मग दिव्यासाठी एसी बंद, मग पूजा, मग लाटा बघायच्या. ती वही आजही माझ्याकडं आहे. त्यात माझ्या नीटनेटक्या अक्षरात लिहिलंय:

'प्रयोग एक. सर्व साहित्य. लाटा आहेत.'

'प्रयोग दोन. नारळ नाही. लाटा आहेत.'

'प्रयोग तीन. झेंडू नाही. लाटा आहेत.'

झेंडूचं ऐकून मामा जरा खट्टू झाले. मग मी म्हटलं, पूजा करणारा माणूस बदलून बघू. मामांना दाराबाहेर बसवलं, ते श्रीखंड-पुरीला लागले. आत मी एकटी. डोळ्यांवर हिरवा चष्मा, डोक्यावर जाळीची टोपी, समोर स्टुलावर निरांजन. मला आरती अर्धीच येते, आमच्या घरी हे सगळं आई करायची. तरी जेवढी येत होती तेवढी मी म्हणत होते आणि दोन बोटांनी टाळ्या वाजवत होते.

बाहेरून आवाज आला, "ढमाले, आत काय चाललंय?"

"परयोग," मामा तोंडात पुरी ठेवून म्हणाले.

दार उघडलं. सर होते. दिल्लीहून विमानतळावरून थेट आलेले, हातात बॅग. त्यांनी निरांजन बघितलं. मला बघितलं. बटणाकडं बघितलं, जिथला छोटा लाल दिवा विझलेला होता आणि त्यांचा कागद वरती तसाच होता. त्यांचा चेहरा लाल होत होत कानापर्यंत गेला.

"हिंगमिरे," सर म्हणाले, "मी दोन दिवस नव्हतो. दोन दिवस."

"सर, आधी पडदा बघा."

"तुम्ही माझ्या लॅबमध्ये ओवाळताय?"

"सर, पडदा."

त्यांनी पडदा बघितला. बॅग हातातून खाली ठेवायची ते विसरले. तशीच धरून जवळ गेले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.  मग माझ्याकडं न बघता हळू म्हणाले, "पुन्हा करा."

"काय करू, सर?"

"हेच. जे काय तुम्ही करत होतात ते. माझ्यासमोर."

प्रयोग पाच. आरती नाही, टाळ्या नाहीत, फक्त दिवा. लाटा आहेत. सरांनी बॅग खाली ठेवली.

प्रयोग सहा. "दिवा काढा," सर म्हणाले. दिवाच नाही म्हटल्यावर मामांनी शहाण्यासारखा एसी चालू ठेवला. चिखल.

प्रयोग सात. दिवा परत. लाटा परत.

सर स्टुलासमोर उकिडवे बसले आणि त्या निरांजनाकडं बघत राहिले. आयुष्यभर ज्या माणसानं घरात देवापुढं दिवा लावू दिला नाही, तो माणूस एका वातीला असं निरखत होता की मला त्यांची दया आली. मग ते एकदम उठले आणि फळ्याकडं गेले. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, म्हणाले. ते हवेत मिसळतात, हवेतून लेझर जातो, तेव्हा कदाचित. त्यांनी समीकरण लिहिलं. मग ते खोडून दुसरं लिहिलं. तुपातल्या स्निग्ध आम्लांबद्दल त्यांनी मला तीन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचंही उत्तर मला आलं नाही. तासाभरात अख्खा फळा भरला. वर मधोमध, सरांच्या टपोऱ्या अक्षरात, 'दिव्याचा परिणाम'.

"तूप की ज्योत, ते ठरलं पाहिजे," सर म्हणाले. "ढमाले, मेणबत्ती आणा. तुपाशिवायची ज्योत बघू."

मामा जागचे हलले नाहीत. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "आणतो, सर. पण ह्या वाऱ्यात मेणबत्तीबी इझंल. तिच्यासाठीबी एसी बंदच करायचा ना?"

सरांचा हात फळ्यावर थांबला. खडू अर्ध्या अक्षरावर होता. मी सरांकडं बघितलं. सर माझ्याकडं बघत नव्हते, ते वर बघत होते.

सर हळूहळू टेबलाजवळ गेले. झेंडूच्या पिशवीचा सुटलेला दोरा स्टुलावर पडला होता, तो त्यांनी उचलला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर धरला. धुळीसाठी आरशांवर झाकण घातलेलं होतं, पण तिथला एक आरसा त्याहून उंच होता, म्हणून त्याच्यावरचं झाकण आम्ही दोन वर्षांपूर्वी कापून टाकलं होतं. एसी चालू होता. दोरा त्या आरशासमोर नुसता फडफडत होता.

"बंद करा," सर म्हणाले.

मी बटण दाबलं. दोरा सरळ खाली लोंबला.

प्रयोग आठ. दिवा नाही, एसी नाही. लाटा आहेत.

 सर म्हणाले, "तो इंजिनियर मला म्हणाला होता, साहेब, टेबलावर नको, भिंतीकडं घेऊ. मी त्याला खोलीच्या बाहेर काढला होता." मग ते माझ्या सहा वर्षांच्या खुर्चीवर बसले आणि खडूचे हात पँटला पुसत राहिले. "दोन वर्षं मी कॅन्टीनवाल्याला आठच्या आत चटणी वाटायला लावली, हिंगमिरे."

मामांनी पिशवीतून आपट्याची पानं काढली. एक मला दिलं, एक सरांपुढं धरलं. "सोनं घ्या, सर." नऊ वर्षांत सरांनी ते कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

जायच्या आधी सरांनी मला विचारलं, "उद्या विचारतील, एसीचं कसं सापडलं? काय सांगणार?"

"पद्धतशीर तपासणीतून आढळलं, असं सांगते, सर."

"हं," सर म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी समिती आली. पाच माणसं, अध्यक्ष डॉ. शांता हिरेमठ. धारवाडच्या, केस पांढरे, मराठी अस्खलित. आम्ही एसी बंद केला आणि त्यांच्यासमोर लाटा काढून दाखवल्या. चौघांनी माना डोलावल्या. हिरेमठबाईंनी डोलावली नाही. त्यांनी नेमकं तेच विचारलं.

"दोन वर्षं चिखल, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी लाटा. हे सापडलं कसं? नोंदवही दाखवा."

आता खरं सांगते. माझ्या हातात नवी वही होती. दसऱ्याच्या संध्याकाळी हॉस्टेलवर बसून मी तिची पहिली तीन पानं लिहिली होती. त्यात नारळ नव्हता, झेंडू नव्हता, मामा नव्हते. हवेच्या झोताचा संशय, त्याची मोजणी, मग निष्कर्ष. तारखा मागच्या आठवड्यापासूनच्या, दोन वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेल्या, खऱ्या वाटाव्यात म्हणून एका ठिकाणी चहाचा डागसुद्धा पाडला होता. खरी वही खणात, खालच्या कागदांच्या तळाशी. मला वाटत होतं मी लॅब वाचवतेय. सरांची अब्रू वाचवतेय. दारापाशी मामा चहाचा ट्रे घेऊन उभे होते आणि मी त्यांच्याकडं बघणं टाळत होते.

मी नवी वही पुढं करायला हात उचलला. तेवढ्यात सर मधे आले. त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडं एकदा बघितलं. पहिलंच पान उघडं होतं, तारीख आणि डाग दोन्ही दिसत होते.  सरळ माझ्या खणापाशी गेले, कागद उपसून तळातून जुनी वही काढली आणि हिरेमठबाईंच्या हातात दिली.

बाई वाचायला लागल्या. मोठ्यानं. "प्रयोग दोन. नारळ नाही. लाटा आहेत." थांबल्या. "प्रयोग तीन. झेंडू नाही." चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "प्रयोग चार. ढमालेमामा नाहीत. हे काय आहे?"

 समितीतला एक गृहस्थ खोकला आल्यासारखं करून हसत होता.

"पूजा आहे," सर म्हणाले. पाठ ताठ, हात मागं, शाळेतल्या मुलासारखे. "या बाईंनी आणि ढमाल्यांनी खंडेनवमीला लेझरची पूजा केली. मी नऊ वर्षं करू दिली नव्हती. दिवा वाऱ्यानं विझत होता, म्हणून ढमाल्यांनी एसी बंद करायला लावला. तो वारा दोन वर्षं माझ्या आरशावर पडत होता आणि मी तो एकदाही मोजला नाही, कारण तिथं एसी मी बसवून घेतला होता. काल तासभर मी फळ्यावर दिव्याचा सिद्धांत मांडत होतो. तोही यांनी वहीच्या शेवटी उतरवून घेतलाय. तिथंही ढमाल्यांनीच मला थांबवलं."

 हिरेमठबाईंनी शेवटचं पान उघडलं, 'दिव्याचा परिणाम' वाचलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसू आवरून त्या मामांकडं वळल्या. "तुम्हाला कसं कळलं हो?"

मामांना प्रश्नच कळला नाही. "काय कळायचंय, बाई? दिवा इझत हुता."

बाईंनी वही मिटली. "कच्ची वही अशी असते," त्या म्हणाल्या. "बाकीच्या लॅबमध्ये मला फार सुंदर वह्या दाखवतात." मग आमच्या अर्जावर सही केली. आणखी तीन वर्षांची मुदत. खोली राहिली.

ते लोक गेल्यावर मी सरांसमोर उभी राहिले. रडू येत होतं, पण मी रडले नाही. नवी वही सरांच्या टेबलावर होती. सरांनी ती माझ्याकडं सरकवली. "तीन पानं गेली," म्हणाले. "बाकीची कोरी आहेत, वापरा. पण ती तीन फाडू नका."

फाडली नाहीत. आज माझी स्वतःची लॅब आहे, सात विद्यार्थी आहेत. कुणाची वही मला फार सुंदर दिसली, की मी खण उघडून ती तीन पानं एकदा बघते. त्यांना वाटतं बाई पेन शोधतायत.

पुढं शोधनिबंध छापून आला. आभारांत तिसरं नाव होतं 'श्री. ज्ञानोबा ढमाले'. बाबांना मी लाटांचं चित्र मोठं छापून पाठवलं. रविवारी फोन आला. "अगं, हे तर आपल्या चादरीच्या काठासारखं आहे," बाबा म्हणाले. त्यांनी ते कारखान्यात मागावर लावून ठेवलं होतं, असं मला नंतर कळलं.

आणि पुढच्या वर्षीची खंडेनवमी. तोवर एसीच्या हवेचं तोंड सरांनी स्वतः उभं राहून भिंतीकडं हलवून घेतलं होतं. लाटा रोज दिसत होत्या, एसी चालू असला तरी. ढमालेमामा दारात आले, पायांत निळ्या पिशव्या, हातात झेंडूची गुंडाळी. त्यांचं ते नोकरीचं शेवटचं वर्ष.

"सर, यंदा?"

सर पडद्यावरून मान न वळवता म्हणाले, "हळद नाही. कुंकू नाही. कापूर नाही."

"न्हाई, सर."

"फुलं पिशवीत. नारळ बाहेर."

"व्हय, सर."

मामांनी स्टूल ठेवलं, निरांजन ठेवलं, काडी काढली. सर उठले. बटणावरचा त्यांचा कागद अजून तिथंच होता, राजीनाम्याचा. त्यांनी तो जरा बाजूला केला आणि एसी बंद केला.

"सर, वारा आता इथपर्यंत येत नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे मला," सर म्हणाले. "ढमाले, लावा दिवा."